शरीरक्रियाविज्ञानाची पदवी: अभ्यास नेमका कशाचा आणि पुढे काम कोणते

शालेय शिक्षणाच्या शेवटच्या वर्षात असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे, की जीवशास्त्र मनापासून आवडते, वैद्यकाच्या प्रवेशाची खात्री वाटत नाही आणि विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत शरीरक्रियाविज्ञान, म्हणजेच फिजिऑलॉजी, हा स्वतंत्र पदवीचा विषय दिसतो. तर त्यात तीन-चार वर्षे नेमके काय शिकवतात, वैद्यकात जागा न मिळालेल्यांसाठी केलेली ती दुय्यम सोय आहे का, आणि पदवी हाती आल्यावर काम कोणते मिळते? मी हा विषय अनेक वर्षे शिकवला आहे आणि त्याआधी काही काळ श्वसनचाचण्यांच्या प्रयोगशाळेत काम केले आहे. त्या अनुभवावरून तिन्ही प्रश्नांची उत्तरे देते, पण सुरुवात शेवटच्या प्रश्नापासून करते, कारण बहुतेक गैरसमज तेथेच आहेत.

या पदवीला चिकटून येणारे ठरलेले पदनाम नाही. वैद्यक शिकलेला डॉक्टर होतो, औषधनिर्माणशास्त्र शिकलेला फार्मासिस्ट होतो. शरीरक्रियाविज्ञान शिकलेल्याने पुढे कोण व्हायचे, हे त्याच्या प्रमाणपत्रावरून कळत नाही. काहींना हे मोकळेपण वाटते, काहींना अधांतरी लोंबकळणे वाटते, आणि दोघांचेही थोडेथोडे खरे आहे. माझ्या विद्यार्थ्यांमध्ये मला एक गोष्ट वारंवार दिसली. ज्यांनी ‘मला मेंदू आवडतो’ किंवा ‘मला हृदय आवडते’ एवढ्यावर सगळी निवड केली, त्यांना पदवीनंतर चाचपडावे लागले. ज्यांनी त्या तीन-चार वर्षांत एखादी गोष्ट विश्वासार्हपणे मोजण्याचे आणि त्या आकड्यांचा अर्थ लावण्याचे कसब कमावले, त्यांना काम तुलनेने लवकर सापडले, मग ते कोणत्याही अवयवाचे असो. पुढचे सगळे उत्तर या एका मुद्द्याभोवती आहे.

विषय काय आहे, ते एका जुन्या उदाहरणावरून नीट समजते. १६२८ मध्ये इंग्लिश वैद्य विल्यम हार्वे यांनी रक्ताभिसरणावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. यकृतात अन्नापासून सतत नवे रक्त तयार होते आणि ते शरीरात जिरून जाते, अशी त्या काळची शतकानुशतके रुजलेली समजूत होती. हार्वे यांनी हृदयाच्या एका ठोक्यात बाहेर पडणाऱ्या रक्ताचा अंदाज घेतला, तोही मुद्दाम कमीत कमी धरला, आणि त्याला अर्ध्या तासातील ठोक्यांच्या संख्येने गुणले. आलेले उत्तर संपूर्ण शरीरात असलेल्या रक्तापेक्षा मोठे होते. एवढे रक्त दर अर्ध्या तासाला नव्याने तयार होणे अशक्य, म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. धमन्या आणि शिरा यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या हार्वे यांनी पाहिलेल्या नव्हत्या. त्या नंतर सूक्ष्मदर्शकाखाली सापडल्या. त्यांच्या अस्तित्वाची गरज आधी गुणाकाराने सिद्ध झाली. शरीररचनाशास्त्र ‘काय कोठे आहे’ हे सांगते; शरीरक्रियाविज्ञान ‘किती, किती वेगाने आणि कोणाच्या नियंत्रणाखाली’ हे विचारते.

आता मूत्रपिंडाकडे पाहा. प्रौढ माणसाच्या दोन्ही मूत्रपिंडांतून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला दीड-दोन लिटर मूत्र म्हणून बाहेर पडतो. शरीरात रक्तद्रव असतो जेमतेम तीन लिटर, म्हणजे तोच रक्तद्रव दिवसातून सुमारे साठ वेळा गाळला जातो आणि जवळजवळ सगळा परत घेतला जातो. पाठांतर करणारा विद्यार्थी हा आकडा लिहून पुढे जातो. विषय ज्याला लागला आहे तो थबकतो आणि विचारतो, की हा उधळेपणा कशासाठी? नको असलेला पदार्थ तेवढा उचलून बाहेर टाकणे स्वस्त पडले नसते का? पण तसे करायचे तर प्रत्येक टाकाऊ पदार्थ ओळखणारी वेगळी यंत्रणा लागली असती, आणि शरीराने पूर्वी कधीच न पाहिलेला पदार्थ आत आला तर तो ओळखणार कोण? उलट सगळेच बाहेर ओतून हवे तेवढे परत घ्यायचे ठरवले, तर फक्त हव्या असलेल्या पदार्थांची यादी सांभाळावी लागते. मूत्रपिंडात काही पदार्थ थेट बाहेर टाकणारे मार्गही आहेत, त्यामुळे हे चित्र पूर्ण नाही. तरी अशा प्रश्नाला अर्धा तास देण्यात ज्याला गंमत वाटते, त्याच्यासाठी ही पदवी आहे.

या विषयाचा मध्यवर्ती विचार म्हणजे समस्थिती. शरीरातील पेशी बाहेरच्या जगात राहत नाहीत, तर स्वतःभोवतीच्या द्रवात राहतात आणि त्या द्रवाचे गुणधर्म टिकवणे हे जगण्याचे मूळ आहे, अशी मांडणी फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकात केली. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये तिला होमिओस्टॅसिस हे नाव दिले. पाठ्यपुस्तकात ही कल्पना घरातल्या थर्मोस्टॅटच्या, म्हणजे तापमान ठरल्या पातळीवर ठेवणाऱ्या यंत्राच्या, उपमेने शिकवतात आणि पहिल्या वर्षी ती पुरेशी असते. नंतर ती अपुरी पडू लागते. मध्यम व्यायामात श्वसन कित्येक पटींनी वाढते, पण धमनीतील रक्तात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण जवळपास जिथल्या तिथेच राहते. बिघाड झाल्यावर दुरुस्ती करणे एवढेच शरीर करत असते, तर बिघाडच नसताना श्वास वाढवण्याचा संदेश कोठून येतो? स्नायूंकडून, सांध्यांकडून, हालचालीचा आदेश देणाऱ्या मेंदूच्या भागाकडून, की या सगळ्यांकडून मिळून, यावर अजूनही वाद चालतो. माझ्या मते चांगल्या आणि सामान्य अभ्यासक्रमातला फरक येथे कळतो: चांगल्या ठिकाणी तुम्हाला हा वाद शिकवतात, सामान्य ठिकाणी थर्मोस्टॅटच शेवटपर्यंत पुरवतात.

अभ्यासक्रमाची रचना बहुतेक ठिकाणी सारखीच असते. पहिल्या वर्षी पेशीविज्ञान, जीवरसायनशास्त्र, शरीररचना आणि सांख्यिकीची तोंडओळख. मग हृदय व रक्ताभिसरण, श्वसन, मूत्रपिंड, चेतासंस्था, संप्रेरके, पचन, प्रजनन अशी एकेक संस्था आणि जोडीला औषधविज्ञान. शेवटच्या वर्षी शोधनिबंधांचे वाचन आणि स्वतःचा प्रकल्प. गणिताची भीती असेल तर आधीच सांगून ठेवते, की त्याला बगल देता येत नाही. चेतातंतूतून विद्युतसंदेश कसा जातो, हे अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी म्हाकूळ या समुद्री प्राण्याच्या विलक्षण जाड चेतातंतूवर प्रयोग करून १९५२ मध्ये समीकरणांच्या रूपात मांडले. विद्यापीठाचा संगणक त्या वेळी उपलब्ध नव्हता, म्हणून हक्सली यांनी ती समीकरणे हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर सोडवली, आणि त्यांतून निघालेला विद्युतलहरीचा वेग प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या जवळ आला. १९६३ च्या नोबेल पारितोषिकात जॉन एकल्स यांच्यासह दोघेही होते. तुम्हाला ती समीकरणे स्वतः रचायची नाहीत, पण त्यांतील प्रत्येक पद काय म्हणते हे कळले पाहिजे.

प्रात्यक्षिकांकडे मात्र फार लक्ष द्या. एकमेकांचा ईसीजी (हृदयाची विद्युतनोंद) काढणे, श्वासाची हवा मोजणाऱ्या स्पायरोमीटरमध्ये फुंकणे, सायकल चालवताना प्राणवायूचा वापर मोजणे या गोष्टी पहिल्यांदा खेळासारख्या वाटतात. मी विद्यार्थिनी असताना रक्तदाबाच्या एका नोंदीवर आठवडाभर अभिमानाने विवेचन लिहिले होते: अमुक टप्प्यानंतर दाब वाढला, म्हणजे अमुक प्रतिक्षेप (शरीराची आपोआप होणारी प्रतिक्रिया) जागा झाला, वगैरे. शिक्षकांनी एकच विचारले, की मध्ये कोणी टेबल हलवले होते का. दाब मोजणारा संवेदक हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटिमीटर खाली गेला, तर नोंद सुमारे ७ ते ८ मिलिमीटर पाऱ्याने जास्त येते, आणि माझा ‘प्रतिक्षेप’ बरोबर तेवढाच होता. शरीरात काय घडले आणि यंत्रात काय घडले हे वेगळे करता येणे, हेच पुढे पगार मिळवून देणारे कौशल्य आहे, असे मी त्या दिवसापासून मानत आले आहे.

दुय्यम सोयीचा प्रश्न. वैद्यकाचा विद्यार्थीही शरीरक्रियाविज्ञान शिकतो, पण रुग्णावर उपचार करण्यासाठी लागेल तेवढे, आणि लवकर पुढे सरकतो. या पदवीचा विद्यार्थी तेच ज्ञान कसे मिळाले, कोणत्या प्रयोगाने मिळाले आणि कोठे अजून डळमळीत आहे, ते शिकतो. दोन्हींचा पाया सामायिक असला तरी दिशा वेगळ्या आहेत. ज्याला रुग्णाशी बोलण्यात, निदान करण्यात, निर्णयाची जबाबदारी घेण्यात आयुष्य घालवायचे आहे, त्याने हा विषय वैद्यकाचा पर्याय म्हणून घेऊ नये. त्याला तो सतत अपुरा वाटत राहील. उलट ‘हे असे का’ हा प्रश्न ज्याला सुटत नाही, त्याला वैद्यकाच्या वेगात अनेकदा घुसमट होते.

आता कामांविषयी. पदवीशी सर्वांत सरळ नाते असलेले काम म्हणजे रुग्णालयांतील शरीरक्रिया चाचण्यांचे. हृदयाचा ईसीजी आणि प्रतिध्वनीलेखन (इको), फुप्फुसांच्या चाचण्या, झोपेचा अभ्यास, मेंदूच्या व चेतातंतूंच्या विद्युतनोंदी, श्रवणचाचण्या हे सगळे कोणीतरी करत असते आणि त्या नोंदीवर डॉक्टरांचा निर्णय उभा असतो. बाहेरून हे काम यांत्रिक वाटते. मी ते केले आहे, ते तसे नाही. स्पायरोमेट्रीत रुग्णाने पूर्ण जोर लावला नाही तर निरोगी फुप्फुसही आजारी दिसते, म्हणून किमान तीन ग्राह्य फुंका घ्याव्या लागतात आणि त्यांतील सर्वांत मोठ्या दोन एकमेकींशी जुळाव्या लागतात. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा ही एकूण हवेच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर श्वासमार्गात अडथळा आहे, असा सोपा नियम सर्रास वापरतात. पण हे प्रमाण वयानुसार नैसर्गिकरीत्याच घटत जाते, त्यामुळे त्या नियमाने वृद्धांत नसलेला आजार दिसू शकतो आणि तरुणांत असलेला निसटू शकतो. हा फरक ओळखणारी व्यक्ती प्रयोगशाळेत असणे आणि नसणे यांत रुग्णाच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. एक इशारा मात्र आवश्यक आहे: अनेक देशांत या कामासाठी नोंदणी किंवा स्वतंत्र मान्यताप्राप्त प्रशिक्षण लागते, आणि केवळ शरीरक्रियाविज्ञानाची सर्वसाधारण पदवी त्यासाठी पुरत नाही. शल्यक्रियेदरम्यान हृदय-फुप्फुस यंत्र चालवणारे परफ्युजनिस्ट, श्रवणतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ यांनाही हेच लागू आहे.

दुसरे मोठे क्षेत्र औषधसंशोधनाचे, आणि या विषयाचा उपयोग सर्वांत ठसठशीत तेथेच दिसतो, असे मला वाटते. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज एकाच वाहक प्रथिनामार्फत जोडीने आत घेतले जातात, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. वरवर पाहता ही पेशीपटलाबद्दलची बारीकशी गोष्ट आहे. पण सोडियम आणि ग्लुकोज आत गेले की पाणीही त्यांच्यामागे जाते, आणि कॉलऱ्यासारख्या जुलाबात आतड्यातून पाणी भळाभळा वाहत असतानाही हा वाहक बहुतांशी शाबूत राहतो. मीठ-साखरेच्या जलसंजीवनीमागचे कारण हेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रात सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही लिटरमागे ७५ मिलिमोल असतात, तेही याच जोडीच्या हिशेबाने. साखर तेथे चवीसाठी नसते. याच कुटुंबातले दुसरे वाहक मूत्रपिंडात गाळलेले ग्लुकोज परत घेतात. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये वेगळे काढलेले फ्लोरिझिन हे संयुग त्या वाहकांना अडवते आणि मूत्रात साखर उतरवते, हे पुढे लक्षात आले. त्याच धाग्यावरून बनवलेली एसजीएलटी२ रोधक (मूत्रपिंडातील त्या ग्लुकोज-वाहकाला अडवणारी) औषधे २०१० नंतरच्या दशकात मधुमेहासाठी आली, आणि नंतर हृदयविफलता व मूत्रपिंडाच्या जुनाट आजारातही ती उपयोगी ठरली. वर्गात वाहक प्रथिनांचा तास कंटाळवाणा वाटू लागला, की ही साखळी आठवावी.

औषधकंपन्यांत शरीरक्रियाविज्ञानाच्या पदवीधरांचे एक कमी माहीत असलेले काम म्हणजे सुरक्षा-औषधविज्ञान. नवे संयुग माणसाला देण्यापूर्वी त्याचा हृदय-रक्ताभिसरण, श्वसन आणि मध्यवर्ती चेतासंस्था यांवर परिणाम तपासणे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार अपेक्षित असते. टर्फेनाडिन हे अ‍ॅलर्जीवरचे औषध हृदयस्नायूतील एका पोटॅशियम मार्गिकेला, म्हणजे पेशीपटलातून पोटॅशियम जाऊ देणाऱ्या वाटेला, अडवते आणि विशिष्ट परिस्थितीत प्राणघातक अनियमित ठोके निर्माण करू शकते, हे कळल्यावर १९९० च्या दशकात ते अनेक बाजारांतून मागे घेतले गेले. त्या अनुभवानंतर त्या एका मार्गिकेवरची चाचणी औषधविकासाचा नेहमीचा भाग बनली. पेशीच्या आयनमार्गिकांमधून जाणारा सूक्ष्म प्रवाह मोजता येणारा माणूस अशा ठिकाणी हवाच असतो. क्लिनिकल ट्रायलचे व्यवस्थापन, औषधांच्या दुष्परिणामांवर देखरेख, नियामक संस्थांसाठी कागदपत्रे तयार करणे, वैद्यकीय लेखन ही कामेही याच उद्योगात आहेत. त्यांत प्रयोगशाळा सुटते, तर नीटस लिहिणे आणि आकडे वाचणे उपयोगी पडते.

वैद्यकीय उपकरणांच्या क्षेत्राबद्दल एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. ताकुओ आओयागी हे जपानी अभियंते १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून हृदय दर मिनिटाला किती रक्त फेकते, हे मोजू पाहत होते. नाडीच्या ठोक्यांमुळे नोंद सतत हलत होती आणि ती हालचाल त्यांना नको होती. ती घालवण्याच्या प्रयत्नात त्यांच्या लक्षात आले, की हलणारा भाग हा फक्त धमनीतील रक्ताचा आहे, आणि दोन रंगांच्या प्रकाशात तो वेगळा काढला तर धमनीतील प्राणवायूची संपृक्तता कळेल. आज बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर या कल्पनेवर चालतो. त्याच उपकरणाची नोंद गडद त्वचेच्या काही रुग्णांत प्रत्यक्षापेक्षा जास्त येते, ही अडचण अलीकडे पुन्हा ऐरणीवर आली आहे, आणि ती सोडवणाऱ्या गटात अभियंत्याइतकीच त्वचा, रक्तप्रवाह आणि प्रकाशशोषण यांची जाण असलेल्या माणसाची गरज असते.

खेळाडूंची कार्यक्षमता, विमानचालन, पाणबुडे आणि अंतराळवीर यांचे शरीरक्रियाविज्ञान या शाखा विद्यार्थ्यांना फार खुणावतात. त्यांचे आकर्षण मला समजते, पण जागा थोड्या आणि इच्छुक पुष्कळ असे तेथील चित्र असते. तेथे पोहोचलेले बहुतेक जण पदव्युत्तर शिक्षण घेऊन किंवा दुसऱ्या एखाद्या कामातून गेलेले असतात.

संशोधनाविषयी सरळच सांगते. पदवी, पुढे पीएच.डी. आणि मग दोन-तीन अल्पमुदतीच्या पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरच्या संशोधकाच्या) जागा, असा हा रस्ता आहे, आणि विद्यापीठातील कायम पदे पीएच.डी. झालेल्यांच्या संख्येपेक्षा खूपच कमी असतात. त्यामुळे प्राध्यापकी हाच एकमेव हेतू ठेवून पीएच.डी.ला बसू नये. प्रश्न खरोखर आवडत असेल आणि त्या वर्षांत शिकलेले तंत्र, मग ते सूक्ष्मदर्शनाचे असो, विद्युतनोंदींचे असो किंवा मोठ्या प्रमाणावरील माहितीच्या विश्लेषणाचे, बाहेरही मागणीचे असेल, तर ती वर्षे वाया जात नाहीत. प्राण्यांवरील प्रयोगांचा प्रश्नही येथे येतोच. १९५९ मध्ये विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी प्राण्यांऐवजी पर्याय वापरणे, त्यांची संख्या कमी करणे आणि त्यांचा त्रास कमी करणे ही तीन तत्त्वे मांडली, आणि आज अनेक देशांतील नियमांचा पाया तीच आहेत. ज्यांना हे काम करायचेच नाही त्यांच्यासाठी मानवी स्वयंसेवकांवरील अभ्यास, पेशीसंवर्धन आणि संगणकीय प्रतिमाने असे मार्ग आहेत. फक्त आपली मर्यादा प्रकल्प निवडण्याआधी स्पष्ट सांगावी.

प्रवेश घेण्यापूर्वी विद्यापीठाला काय विचारावे, तेही सांगते. अवयवांची यादी सगळीकडे सारखी असते, म्हणून ती विचारू नका. विद्यार्थी स्वतः कोणती उपकरणे हाताळतात, की प्रात्यक्षिके पडद्यावरच दाखवली जातात, हे विचारा. शेवटच्या वर्षीचा प्रकल्प प्रत्येकाचा स्वतंत्र असतो की दहा जणांचा मिळून एक, सांख्यिकी एका सत्रापुरती असते की पुढेही वापरावी लागते, प्रोग्रॅमिंग शिकवतात का, रुग्णालयात किंवा उद्योगात काही महिने काम करण्याची सोय आहे का, आणि मागील काही वर्षांचे पदवीधर कोठे आहेत, हेही विचारा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत आले तर ते लक्षात ठेवा.

आणि मनात अजून वैद्यकच असेल, तर पदवीनंतर वैद्यकाला प्रवेश देणारे अभ्यासक्रम काही देशांत आहेत, पण त्यांत स्पर्धा तीव्र असते. त्यांच्या अटी, म्हणजे पदवीला किती गुण लागतात, स्वतंत्र परीक्षा आहे का, रुग्णसेवेचा अनुभव किती अपेक्षित आहे, हे पदवीच्या शेवटी नव्हे तर पहिल्याच वर्षी पाहून ठेवा, कारण रुग्णसेवेचा अनुभव शेवटच्या दोन महिन्यांत गोळा करता येत नाही.